वाटे घालण्याआधी ढीग मोजा

गोव्यात मासळीवरचा वाद नव्याने कधी सुरू होत नाही, मागच्या पानावरून पुढे चालतो. एक जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली की जरा थंडावतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पेटतो. मध्यंतरी फोंड्यात एका वाचनालयात याच विषयावर चर्चा होती. एका तरुण वक्त्याने पडद्यावर आलेख दाखवला. त्यावरची रेघ आधी उंच चढत होती, मग दरीत कोसळत होती आणि शेवटी हळूहळू डोके वर काढत होती. ‘चिलीने आपला बांगडा बुडवला आणि कोटा लावून परत आणला. गोव्याला का जमू नये?’ असे तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले एक ट्रॉलरमालक लगेच उठले. ‘दर्याचे चक्र असते. मासा जातो, मासा येतो. आमच्या जाळ्यांना बोल लावू नका.’ त्यांनाही टाळ्या पडल्या. मग रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांची, बाजू मांडली गेली, रात्री एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांचा उद्धार झाला, परराज्यांतल्या बोटींचा झाला, आणि चहा आला.

मला दोन्ही वेळच्या टाळ्या खटकल्या. त्या आलेखात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण ‘कोटा लावा’ एवढाच अर्थ त्यातून काढणे म्हणजे औषधाची बाटली बघून डॉक्टर होण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे: तो मासा सावरू लागला तो त्यावर जगणाऱ्या सगळ्यांनी आपापले हिशेब एका वहीत लिहायचे कबूल केल्यावर. कोटा ही त्या वहीतली फक्त शेवटची ओळ. आपण मात्र पन्नास वर्षे वाटणीवर भांडतो आहोत. रापण की ट्रॉलर, होडी की थव्याला वेढणारे पर्ससीन जाळे, गोंयकार की भायले? मुळात ढीग केवढा आहे, हे या भांडणात कोण विचारतो? बाजारातली नुस्तेकान्न, म्हणजे मासळी विकणारी बाईसुद्धा आधी पाटी ओतते, नजरेने अंदाज घेते आणि मग वाटे घालते.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण अर्धा वाद तिथेच फसतो. पडद्यावरचा मासा बांगडा नव्हता. इंग्रजीत दोघांनाही मॅकरेल म्हणतात म्हणून वक्त्याची गफलत झाली. आपला बांगडा, शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा, हा इसवण आणि ट्यूना यांच्या कुळातला. चिलीचा मासा म्हणजे जॅक मॅकरेल, स्पॅनिशमध्ये हुरेल; त्याची प्रजाती (इंग्रजीत जीनस) ट्रॅकुरस, आणि कूळ कॅरांजिडी, ज्यात आपला हलवा येतो. म्हणजे सोयरीक बघायची तर हा मासा बांगड्यापेक्षा हलव्याला जवळचा. ट्रॅकुरस म्हणजे ग्रीकमध्ये ‘खरखरीत शेपटीचा’. त्याच्या अंगावरच्या मधल्या रेषेवर कडक खवल्यांची धार असते, हात फिरवला तर करवतीसारखी लागते. आपल्याकडच्या काट बांगड्याला तशीच धार असते. तोही त्याच कुळातला, पण वेगळ्या प्रजातीचा. 1810 मध्ये राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने ही प्रजाती वेगळी काढली, आणि आज तिच्यात चौदा-पंधरा जाती धरतात. जपानमध्ये ती आजी, पोर्तुगालमध्ये काराप्पाव, नामिबियात केप हॉर्स मॅकरेल. एक जात तर आपल्याच अरबी समुद्रात, ओमानच्या बाजूला मिळते. लिस्बनला नोकरीला गेलेले गोंयकार काराप्पाव तळून खातात आणि घरी फोन करून सांगतात की इथे बांगडे मिळाले. पोर्तुगीज भाषेत मात्र बांगड्याच्या जातकुळीला कावाला म्हणतात. तळलेल्या माशाला रेशाद मसाला लावला की वंशावळ कोण बघतो म्हणा!

‘बांगडा म्हटले काय आणि हुरेल म्हटले काय, मुद्दा कळल्याशी कारण’, असे कोणी म्हणेल. पण माशाच्या नावामागे बाजार असतो. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाचा सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांचा भाऊबंद, कोसळला. डबेबंद मासळीचे कारखाने ओस पडू लागले. तेव्हा त्यांनी किनाऱ्यालगतच्या ट्रॅकुरसकडे मोर्चा वळवला. त्याचे चालत आलेले नाव हॉर्स मॅकरेल. ‘घोडा’ लिहिलेला डबा गिऱ्हाईक घेईना, म्हणून 1948 मध्ये लेबलवर ‘जॅक मॅकरेल’ लिहायची अधिकृत मुभा मिळाली. एक मासा संपला की दुसऱ्याला नवे नाव देऊन त्याच यंत्रात घालायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आपल्याकडेही तारले कमी झाले की पूर्वी पाटीत न दिसणारी मासळी सन्मानाने पुढे येते, आणि आपण म्हणतो, बघा, दर्यात मासे आहेत की! ढीग भरलेला दिसतो, पण तो कशाने भरला आहे हे पाहायचे राहून जाते.

आता चिलीची गोष्ट. ती कोट्यापासून नाही, एका रेघेपासून सुरू होते. 1947 च्या जूनमध्ये चिलीने किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपला असल्याचे जाहीर केले. असा दावा करणाऱ्या पहिल्या देशांपैकी तो एक. दोन महिन्यांत पेरूनेही तेच केले. पुढे 1982 च्या समुद्रविषयक कायद्याच्या कराराने ती कल्पना जगभर मान्य केली, आणि आपल्या संसदेने तर 1976 मध्येच तसा कायदा केला होता. पण हुरेलला रेघ दिसत नाही. तो चिलीच्या किनाऱ्यापासून न्यूझीलंडच्या दिशेने हजारो किलोमीटर पसरतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत जहाजे रेघेच्या नेमकी बाहेर येऊन त्याला पकडू लागली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, जहाजे परत गेली. त्या काळात मासा श्वास घेईल असे वाटावे, तर आतल्या बाजूला चिलीने हात मोकळा सोडला. 1995 मध्ये सगळी मिळून पकड 50 लाख टनांच्या घरात गेली, आणि त्यातली चव्वेचाळीस लाखांच्या आसपास एकट्या चिलीची. ही मासळी बहुतेक कुणाच्या ताटात गेलीच नाही. तिची भुकटी आणि तेल झाले, आणि ते कोंबड्या, डुकरे आणि पाळलेले सॅल्मन मासे खाऊन गेले. चार-पाच किलो ताजा मासा घातला की एक किलो भुकटी मिळते. हे गणित एकदा समजून घेतले की 50 लाख टनांचा आकडा वेगळाच दिसू लागतो.

मग दरी. रेघेच्या आत चिली मर्यादा घालू लागला, तर बाहेर चीन, रशिया, युरोपीय संघ आणि व्हानुआतूसारख्या देशांच्या झेंड्याखालची महाकाय जहाजे जमली. 2006 मध्ये सगळे बोलायला बसले, आणि इथे या गोष्टीचा सगळ्यात कडू भाग येतो. उद्याचा वाटा आजवरच्या पकडीवरून ठरणार हे प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून बोलणी चालू असतानाच जो तो आपली पकड वाढवू लागला. वाचवण्याची चर्चाच ओरबाडण्याचे निमित्त झाली. 2009 मध्ये ऑकलंडला करार झाला, 2012 मध्ये तो अमलात आला आणि दक्षिण प्रशांत प्रादेशिक मत्स्य व्यवस्थापन संघटना उभी राहिली. 2013 पर्यंत पकड चार लाख टनांच्या आत आली होती. शास्त्रज्ञांनी साठ्याचा अंदाज एकत्र मांडायचा, त्यावरून एकूण आकडा ठरायचा, आणि मग वाटे. दहा वर्षांनी, 2023 मध्ये, तो एकूण आकडा पुन्हा दहा लाख टनांच्या पुढे गेला. वाट्यांवरची भांडणे काही थांबली नाहीत. रशियाने पहिल्याच वर्षी आक्षेप घेतला, तो पंचांपुढे गेला, आणि वाटणी रशियावर अन्याय करणारी आहे असे पंचांनी मान्यही केले. तरी एकूण आकड्याला धक्का लागला नाही. गोव्यासाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वाटणीत चूक असूनही ढीग वाचू शकतो. उलटे कधी घडलेले मला ठाऊक नाही.

ट्रॉलरमालकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. दर्याचे चक्र खरेच असते. केरळात 2012 मध्ये तारले जवळजवळ चार लाख टन मिळाले, आणि 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाहीत. एवढी घसरण नुसत्या जाळ्यांनी होत नाही. एल निनो, पाण्याचे तापमान, प्लवकांचा तुटवडा, सगळे त्यात आले. हुरेलच्या घसरणीतही 1997-98 च्या एल निनोचा हात होता. शिवाय बांगडा काही हुरेल नव्हे. हुरेल दहा-पंधरा वर्षे जगतो. आपला बांगडा वर्षभरात अंड्यावर येतो, पटकन वाढतो, पटकन संपतो आणि एखादा बरा पाऊस झाला की पटकन भरूनही येतो. म्हणजे त्याला सावरायला हुरेलइतकी वर्षे लागू नयेत. हे सगळे मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? ज्याचे उत्पन्न एका वर्षी लाखांत आणि एका वर्षी हजारांत असते, तो माणूस हिशेब ठेवायचे सोडून देतो की जास्त काटेकोर ठेवतो? वाईट वर्षात अंड्यावर आलेला मासा थोडा तरी उरला पाहिजे, तर चांगल्या वर्षी चक्र वर जाणार. मासा कमी झाला म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची, जाळ्याचे डोळे बारीक करायचे, रात्री दिव्यांचा झगमगाट करून उरलासुरला वर ओढायचा, आणि मग ‘चक्र’ म्हणायचे, हे चक्राला चाकाखाली घालणे झाले.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो आणखी तगडा आहे. प्रशांत महासागरात एका जाळ्यात एकच जात मिळते; आपल्या जाळ्यात बांगडा, तारले, वेर्ल्यो, सुंगटे, लेपो, सगळा संसार येतो. तिथे मोजकी महाकाय जहाजे, इथे मालीम, शापोरा, कुटबण, खारीवाडा या जेटींवर शेकडो बोटी, आणि किनाऱ्यावर होड्या वेगळ्या. प्रत्येक बोटीमागे प्रत्येक जातीचा कोटा ठरवून अधिकारी कुठे कुठे उभे करणार? अगदी खरे. म्हणूनच मी बोटीमागे कोटा मागत नाही. पण पर्ससीनचे मोठे जाळे टाकतात ते मुख्यतः बांगडा आणि तारल्यांच्या थव्यांवर, आणि ते थवे आले की जेटीवर बहुतेक तेच उतरते. दोन माशांची मोजदाद म्हणजे सगळ्या संसाराची नव्हे. दोनच तरी मोजा.

‘मोजतात की!’ हे उत्तर मला त्या दिवशीच मिळाले. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था जेटींवर नमुने घेऊन किती मासळी उतरली याचा अंदाज दरवर्षी बांधते. गंमत म्हणजे तिची स्थापनाही 1947 चीच, चिलीने रेघ मारली त्याच वर्षाची. तिच्याकडे दशकांची आकडेवारी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण हा अंदाज उतरलेल्या मासळीचा, म्हणजे गेलेल्या वर्षाचा. तो पाहून ‘येत्या मोसमात पश्चिम किनाऱ्याने एवढ्यावर थांबायचे’ असे ठरवणारे टेबल कुठे आहे? ताप मोजून थर्मामीटर खिशात ठेवला, तर वैद्याचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप रापणकारांच्या बाजूने येतो आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. कोटा आला की तो मोठ्यांच्या घशात जातो. नामिबियाचा केप हॉर्स मॅकरेल याच प्रजातीतला, आणि त्याच्याच कोट्यांवरून 2019 मध्ये तिथे ‘फिशरॉट’ प्रकरण बाहेर आले. आइसलंडच्या एका बड्या कंपनीला कोटे मिळावेत म्हणून लाच दिल्याच्या आरोपांवरून मत्स्योद्योग आणि न्याय खात्यांच्या मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. चिलीतही 2013 च्या मासेमारी कायद्यावरून बोंब झाली आणि मासळी उद्योगाकडून पैसे घेतल्याबद्दल एका सिनेटरला शिक्षा झाली. कागदावर मासा वाचतो आणि किनाऱ्यावरचा माणूस मरतो, ही भीती खोटी नाही. पण आज कागदच नाही, तर मोठ्यांच्या घशात काय जात नाही? नामिबियात चोरी पकडता आली, कारण कोणाला किती दिले याची नोंद होती. आपल्याकडे बिननोंदीची चोरी होते, ती भ्रष्टाचार म्हणून मोजलीसुद्धा जात नाही.

रापणकारांच्या लढ्याबद्दल इथे थोडे थांबून बोलायला हवे. 1970 च्या दशकात सरकारी मदतीने ट्रॉलर आले आणि उथळ पाण्यात घुसून रापणीचा घास काढू लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी किनारा जागा केला. गोंयच्या रापणकारांचो एकवट उभा राहिला, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. त्या रेट्यातून 1980 चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरपर्यंत यांत्रिक बोटींना मज्जाव झाला. गरिबांनी मिळवलेला तो मोठा विजय होता, आणि आजही तो मोडणाऱ्यांना दंड होण्यापेक्षा हसू येण्याचेच प्रसंग जास्त, हे दुःख आहे. तरीही विचारावे लागते: ती रेघ कोणाचे रक्षण करते? माणसाचे. बांगड्याचे नाही. सकाळी 4 किलोमीटरवर असलेला थवा संध्याकाळी 8 वर असतो. चिलीच्या 200 मैलांच्या रेघेचे आणि आपल्या 5 किलोमीटरच्या रेघेचे दुखणे एकच आहे. रेघ हवीच. ती नसती तर रापण कधीच संग्रहालयात गेली असती. पण रेघेच्या आत रापणकाराला वाटा मिळायचा तर बाहेरून थवा आत यायला शिल्लक हवा. एकूण आकड्याची मागणी खरे तर रापणकारांनीच सगळ्यांत मोठ्या आवाजात करायला हवी.

राहिला शेवटचा प्रश्न, गोवा एकटा काय करणार? शंभरेक किलोमीटरची किनारपट्टी. आपण बांगडा सोडला तर तो कारवार किंवा मालवणच्या बोटी धरतील, आणि मग तोच बर्फात घालून मडगावच्या घाऊक बाजारात येईल. बाहेरच्या मासळीवर आपण किती अवलंबून आहोत ते 2018 च्या जुलैत दिसले. फॉर्मेलिनच्या वादामुळे पंधरा दिवस परराज्यांतली मासळी बंद केली, आणि ऐन पावसाळ्यात ताटातले माशाचे हुमण गेले. म्हणून एकट्या गोव्याने कोटा लावावा हे त्या तरुण वक्त्याचे म्हणणे मी मानत नाही. चिलीनेही एकट्याने ते करून पाहिले आणि रेघेबाहेर त्याचे हसे झाले. गुजरातपासून केरळपर्यंत ज्या राज्यांच्या पाण्यात हे थवे फिरतात, त्यांना एका टेबलावर बसवावे लागेल. बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्यांचे आणि त्यापुढचे केंद्राचे, म्हणजे केंद्रालाही खुर्ची लागेल.

अशक्य वाटते? पावसाळी बंदीकडे बघा. पूर्वी प्रत्येक राज्याची तारीख वेगळी होती. गोव्यात बंदी 47 दिवसांची. शेजारच्या बोटी आधी निघाल्या की आपले लोक चिडत, आणि ती चीड रास्त होती. 2015 पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी 61 दिवस ठरवले, आणि आज गोवा 1 जून ते 31 जुलै पाळतो. केरळ आपल्या पाण्यात 52 दिवसांवर अडून बसला आहे, तरी व्यवस्था मोडलेली नाही. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिवे आणि बुल ट्रॉलिंग, म्हणजे दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे, यांवर बंदी घातली. अंमलबजावणीच्या नावाने आपण बोटे मोडतो, ती मोडावीतच. पण राज्यांच्या सीमा ओलांडून एक नियम होऊ शकतो हे सिद्ध झाले. केरळने 2015 पासून कमीत कमी लांबी ठरवायला सुरुवात केली. तिथे 14 सेंटिमीटरपेक्षा लहान बांगडा धरणे गुन्हा आहे. अंड्यावर येण्याआधीची पिल्ले भुकटीच्या कारखान्यांकडे जाऊ नयेत म्हणून हे केले. तीच पट्टी सगळ्या किनाऱ्याला लावायला कोणत्या शास्त्रज्ञाची परवानगी हवी आहे? चिलीच्या गोष्टीत भुकटीने जे केले, ते आपल्याकडे छोट्या प्रमाणावर होतेच. ज्याच्या घरात 20 रुपयांचे सुके बांगडे पावसाळ्याच्या पुरुमेताला, म्हणजे बेगमीला, घेतले जात, त्याच्या ताटाआधी कोळंबीच्या तळ्याचा नंबर लागावा, हे मला कोणत्याही अर्थशास्त्राने पटत नाही.

आणि हे टेबल लागेल तेव्हा 2006 चा प्रशांतातला धडा लक्षात असू द्या. ‘उद्या आजच्या पकडीवरून वाटा मिळेल’ अशी नुसती कुजबुज झाली तरी मालीमपासून मंगळूरपर्यंत सगळ्या बोटी दुप्पट वेगाने धावतील. म्हणून पहिली तीन-चार वर्षे वाट्याचे नावच काढू नये. फक्त मोजावे, आणि मोजणी कोणाच्या विरुद्ध वापरणार नाही असे लेखी द्यावे.

यासाठी नवीन यंत्रणा उभी करायची गरज नाही. बोट जेटीला लागली की क्रेट उतरतात, आणि किती क्रेट, कोणत्या मासळीचे, कोणत्या भावाने, हे मालकाच्या किंवा एजंटाच्या वहीत लगेच लिहिले जाते. लिहावेच लागते, कारण डिझेल आणि बर्फाचे पैसे वजा करून त्यावरच तांडेलाचा आणि खलाशांचा हिस्सा ठरतो. त्या हिशेबात दहा किलोंची गफलत झाली तर ओडिशाहून आलेला खलाशीसुद्धा तिथल्या तिथे हटकतो. त्या पानाची एक प्रत रोज मत्स्योद्योग खात्याकडे गेली पाहिजे. भावाचा रकाना हवा तर झाकून ठेवा, तो मालकाचा. बांगड्याच्या क्रेटांचा रकाना तेवढा द्या.